पोकळ मुठीचा ‘कमांडो’ चाकू रानात किती टिकतो?

इंदूरच्या राणीपुरा बाजारात टॉर्च, कुलुपं आणि लायटर विकणाऱ्या दुकानांच्या काचेत हा चाकू हमखास टांगलेला असतो. काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या बुडाला होकायंत्र. बुडाचं टोपण फिरवून काढलं की पोकळ मुठीतून काड्या, गळ, नायलॉनचा दोरा, सुई असं सामान बाहेर पडतं. दुकानदार त्याला ‘कमांडो’ म्हणतात, पोरं ‘रॅम्बो’. ऑनलाइनही तोच माल दहा नावांनी मिळतो. माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात असा एक साडेचारशे रुपयांना घेतला. “भिया, असली आर्मीवाला है,” असं सांगून दुकानदाराने तो त्याच्या गळ्यात मारला, आणि “मामा, चोरलला जाताना आता हाच घेऊ, बाकी काही न्यायलाच नको,” म्हणत पठ्ठ्याने तो माझ्या हातात ठेवला.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो. पोलाद, आटे, हीट ट्रीटमेंट हे माझं रोजचं काम. सुट्टी मिळाली की कॉलनीतली मुलं घेऊन जानापाव, कजलीगड, चोरलचं खोरं अशी आमची भटकंती चालते. त्यामुळे हा चाकू मी पावसाळाभर आणि पुढे थंडीतही सोबत नेला, खरोखरीच्या कामाला वापरला आणि शेवटी बाकावर पकडून मूठ कापून आत पाहिलं. निकाल आधीच सांगून टाकतो: या किमतीचा पोकळ मुठीचा चाकू भरवशाचा नाही. हलक्या कामाला चालतो, जोराच्या कामाला धोक्याचा आहे. सर्व्हायव्हल चाकू म्हणून जो विकला जातो त्याच्याकडून अपेक्षा मात्र जोराच्या कामाचीच असते.

मुळातली कल्पना टाकाऊ होती असं कोणी समजू नये. अमेरिकेत फ्लोरिडातल्या रँडल या नावाजलेल्या कारखान्याने १९६० च्या दशकात मॉडेल १८ नावाचा चाकू काढला. त्याची मूठ म्हणजे पोलादी नळी, आणि ती व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या सैनिकांच्या गरजेतून आलेली होती. विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं आणि माणूस जंगलात एकटा राहिला, तर अंगावर जे आहे तेवढंच त्याचं. पाठीवरची पिशवी जाते, कमरेचा चाकू राहतो. म्हणून काड्या, गळ, औषधाच्या गोळ्या चाकूतच ठेवायच्या. पाठीवरचे दातेसुद्धा लाकडासाठी नव्हते, विमानाचा पातळ पत्रा कापून बाहेर पडता यावं म्हणून होते. पुढे १९८२ मध्ये रॅम्बोचा पहिला सिनेमा आला. त्यातला चाकू आर्कान्सामधल्या जिमी लाइल या कारागिराने बनवला होता, आणि मग जगभर तशा चाकूंची लाट आली. बक कंपनीचा बकमास्टर १९८४ चा. स्वस्तातल्या नकलाही तेव्हापासून सुरू झाल्या, त्या आजतागायत आपल्या बाजारात येतायत.

लाइल किंवा रँडलच्या चाकूत आणि राणीपुऱ्याच्या चाकूत बाहेरून फारसा फरक दिसत नाही. सगळा फरक गार्डच्या, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या पट्टीच्या, आत आहे, जिथे पातं मुठीला जोडलेलं असतं. साध्या चाकूत पात्याचंच पोलाद मुठीत खोलवर जातं. आम्ही त्याला टँग म्हणतो. मूठ पोकळ ठेवायची तर टँग लांब ठेवता येत नाही, कारण सामानाची जागा त्यानेच व्यापली जाते. मग तो बोटाच्या पेराएवढा आखूड करावा लागतो, आणि तेवढ्या आखूड सांध्यावर पुढचं सगळं पातं तोलायचं. निष्णात कारागीर तिथे अचूक खाच पाडतो, टँग घट्ट बसवतो, चांदीच्या झाळाने किंवा वेल्डिंगने तो नळीशी एकजीव करतो. हे काम वेळ खातं, हात मागतं, पैसे मागतं. साडेचारशे रुपयांत ते होणं शक्यच नाही.

आता वापराबद्दल. पातं चोवीस सेंटिमीटर लांब, साडेतीन मिलिमीटर जाड, गार्डजवळ अडतीस मिलिमीटर रुंद. म्यानासकट वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. वनखात्याच्या हद्दीत आम्ही चूल पेटवत नाही आणि ओल्या झाडाला हात लावत नाही. सिमरोलच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर दाल-बाफल्यांचा बेत असतो. तिथे गोवऱ्या पेटवायला वाळक्या बाभळीच्या ढलप्या लागतात, ताडपत्री ताणायला खुंट्या लागतात, दोऱ्या कापाव्या लागतात, कांदे-टोमॅटो चिरावे लागतात. माळव्यात सहलीला गेलेल्या माणसाला चाकूची गरज पडते ती एवढीच, आणि ही कामं ज्याला जमत नाहीत तो जंगलात जीव कसा वाचवणार?

कांदा चिरताना पहिली अडचण कळली. पातं धारेच्या मागे इतकं जाड आहे की कांदा कापला न जाता फुटतो. टोमॅटो चेंगरला. भाच्याची आई, म्हणजे माझी ताई, सोबत होती. तिने दोन मिनिटांत तो चाकू बाजूला सारला आणि पिशवीतली घरची सुरी काढली. दोरी मात्र बरी कापली, नवी धार होती तोवर. खुंट्यांना टोक काढताना दुसरी अडचण आली: मूठ गोल आहे. अंधारात किंवा घामेजल्या हातात धार कोणत्या बाजूला आहे हे मुठीवरून कळतच नाही. लाकडी मुठीच्या चाकूत मूठ लंबगोल असते, त्यामुळे बोटांना आपोआप दिशा कळते. इथे लाकडावर जोर दिला की नळी तळव्यात फिरते. वरचे बारीक खाचे घाम आल्यावर पुरे पडत नाहीत. मी सायकलची जुनी ट्यूब कापून वर चढवली, तेव्हा जरा पकड आली. आणखी एक गोष्ट: नळी धातूची असल्याने मे महिन्यात उन्हात राहिलेला चाकू हातात धरवत नाही, आणि डिसेंबरच्या पहाटे तोच बोटं गारठवतो.

गार्डच्या टोकांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण ते पोरांना फार आवडतं. एका टोकाला चपटा स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्याला फुलीचा. सिनेमातल्या चाकूवरून उचललेली ही गोष्ट. स्क्रू फिरवायचा तर पातं हातात धरावं लागतं, किंवा चोवीस सेंटिमीटरचं धारदार पातं मनगटाजवळून गरगर फिरवावं लागतं. मुलांच्या हाती हा चाकू द्यायचा असेल तर कानशीने ती टोकं आधी बोथट करा. आमच्या टूलरूममध्ये असं हत्यार कोणाच्या हातात दिसलं तर मी त्याला बाकावरून उठवीन.

खरी परीक्षा ढलप्यांची. लाकडाच्या उभ्या तुकड्यावर धार टेकवायची आणि पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायचं, ही पद्धत रानात फिरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. मनगटाएवढी वाळलेली बाभूळ होती, गाठ नसलेली. इथे पाठीवरचे दाते आडवे आले. ठोकण्याचं लाकूड प्रत्येक घावाला त्या दात्यांवर फाटत होतं, ताकद पात्यात उतरतच नव्हती. टोकाजवळच्या सपाट भागावर ठोकलं तेव्हा बाभूळ फुटली, पण काही घावांनंतर हाताला एक बारीक खडखड जाणवली. मूठ कानाशी धरून हलवली, तर आत सामान वाजत होतंच, पण त्याच्याखाली दुसरा एक आवाज होता, धातूवर धातूचा. पात्याचं टोक बोटांनी धरून डावी-उजवीकडे हलवलं तर ते केसभर हललं. भाचा म्हणाला, “मामा, घट्ट करून घेऊ, चालेल.” मी म्हटलं, “अरे, आता याने कोणी काही फोडायचं नाही.” टँग तुटून पातं उडालं तर ते समोर बसलेल्याच्या गुडघ्यात जाईल. चूल पेटवताना मुलं समोरच बसलेली असतात.

कंपनीत आणून मी तो शिकंज्यात धरला आणि हॅकसॉने नळी उभी चिरली. आत काय होतं ते नीट सांगतो, कारण काचेतून पाहताना हेच दिसत नाही.

पात्याच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी काटकोनात कापून मधे एक बारीक दांडी ठेवलेली होती, तीन सेंटिमीटरही नाही. त्या चपट्या दांडीच्या दोन्ही कडांवर ६ मिलिमीटरचे आटे पाडलेले. दांडी आधी गार्डच्या भोकातून, मग नळीच्या बंद तोंडातून आत आलेली, आणि आतून एक नट आवळलेला. नटाखाली साधा वायसर, लॉकचा नाही, स्प्रिंगचाही नाही. आट्यांवर पिवळट डिंकासारखं काहीतरी लावलेलं होतं, ते नखाने सुटून आलं. गार्ड जस्ताच्या ओतकामाचं, त्याचं भोक दांडीपेक्षा चांगलंच मोठं. नट अर्धा-पाऊण फेरा सुटलेला. सगळ्यात वाईट म्हणजे तो काटकोन. पोलादाचा तुकडा रुंदीवरून एकदम बारीक होतो तिथे कोपऱ्याला गोलाई द्यायची, हे शिकाऊ मुलालाही पहिल्या महिन्यात शिकवतो. सगळा ताण त्या तीक्ष्ण कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथूनच चीर सुरू होते. भिंगाखाली पाहिलं तर पहिल्या आट्याच्या मुळाशी केसासारखी काळी रेघ दिसली. चीर पडायला लागली होती.

६ मिलिमीटरच्या आट्यांचा गाभा जेमतेम पावणेपाच मिलिमीटरचा असतो. म्हणजे बाहेरून अठ्ठावीस मिलिमीटर जाडीची मूठ, अडतीस मिलिमीटर रुंदीचं पातं, आणि दोघांना धरून ठेवणारी गोष्ट पावणेपाच मिलिमीटरची. हिशेब केला तर अंगावर येतो. साध्या चाकूत पंचवीस मिलिमीटर रुंद, साडेतीन मिलिमीटर जाड पट्टी मुठीत जाते. घावाच्या दिशेने वाकण्याला तिचा विरोध या दांडीच्या पंचवीस-तीस पट असतो. आडव्या दिशेने, म्हणजे पातं खुपसून लाकूड उचकटताना, पाचपटीहून थोडा जास्त. नट पूर्ण आवळलेला असेल तोवर पात्याचे खांदे गार्डवर टेकून बराच भार घेतात आणि दांडीवर फक्त ओढ येते. पण नट जरा सैल झाला की खांदे टेकत नाहीत आणि सगळा वाक एकट्या दांडीवर येतो. ठोकण्याने नट सैल होणारच, धक्क्याने सगळेच नट होतात. आणि तो सैल झाला हे बाहेरून दिसत नाही, कारण तो नळीच्या तळाशी, काड्यांच्या आणि गळांच्या खाली दडलेला असतो. साधा चाकू सैल झाला तर रिव्हेट हललेला दिसतो, लाकूड तडकलेलं दिसतं. हा चाकू तुटेपर्यंत तसाच दणकट दिसत राहतो. माझी त्याच्यावर सर्वांत मोठी तक्रार ही आहे.

पात्याच्या पोलादावर ४२० असं कोरलेलं आहे. ४२० स्टेनलेसमध्ये कार्बन कमी, साधारण ०.१५ ते ०.४ टक्क्यांपर्यंत. गंज कमी धरतं, पण धार फार टिकवत नाही. हार्डनेस टेस्टरवर घेतलं तर अठ्ठेचाळीस एचआरसीच्या (पोलादाचा कडकपणा मोजायचं एकक) आसपास निघालं. कामाच्या चाकूला छप्पन्न-अठ्ठावन्न हवं. त्यामुळे बाभळीवर थोडं काम केलं की धार लोळते. म्यानाच्या खिशातला धारेचा दगड बोटभर आणि खरखरीत, त्याने धार लागण्याऐवजी ओरखडे पडतात. मऊ पोलादाचा एक फायदा मात्र सांगायला हवा, ते तुकडे होऊन तुटत नाही, वाकतं. पण टँगच्या मुळाशी तीक्ष्ण कोपरा असताना तो फायदाही तिथे मिळत नाही.

पाठीच्या करवतीने मी अंगठ्याएवढं सागाचं वाळकं फाटं कापायला घेतलं. चार-पाच मिलिमीटर आत गेल्यावर ती रुतून बसली. सुताराच्या करवतीचे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे कापाची फट पट्टीपेक्षा रुंद होते आणि करवत मोकळी चालते. इथले दाते नुसते कानशीने पाडलेल्या खाचा आहेत, सगळे एका रेषेत. घडीची छोटी करवत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तिने तेच फाटं श्वास न लागता कापून होतं.

होकायंत्राची तपासणी मी गच्चीवरच केली. टोपण चाकूवरून काढून दूर ठेवलं तर सुई बऱ्यापैकी उत्तर दाखवते. चाकूवर चढवलं की ती भलतीकडे वळते, कारण नळी आणि पातं दोन्ही लोखंडाची, त्यांना चुंबक चिकटतो. म्हणजे दिशा पाहायची तर दरवेळी टोपण काढा, आणि टोपण काढलं की आतलं सामान हातात घ्या. पावसात हे करून पाहा. टोपणाखालच्या रबरी रिंगबद्दलही तेच. रात्रभर बादलीत बुडवून ठेवला तर सकाळी काड्यांची टोकं ओली होती आणि पेटली नाहीत. आतल्या गळांचा आमच्याकडे काही उपयोग नाही. चिकटपट्टीचा एक तुकडा होता, तो उन्हाने सुकून कडक झाला होता.

या सामानापेक्षा महत्त्वाचं आहे ते आपल्या भागात संकट कसं येतं. महूजवळच्या पातालपाणी धबधब्याला जुलै २०११ मध्ये अचानक पाणी वाढलं आणि एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. इंदूरच्या आसपासच्या दऱ्यांतला खरा धोका हा आहे: वरच्या बाजूला पाऊस होतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि ओढा भरून येतो. त्यानंतर पाय घसरणं, उन्हाचा तडाखा, अंधार पडल्यावर वाट चुकणं. यांतल्या एकाही प्रसंगी चाकूच्या मुठीतला गळ कामाला येत नाही. शिट्टी लागते, टॉर्च लागतो, पाणी, ओआरएसची पुडी, रुंद पट्टी आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवलेली परतीची वेळ लागते. मी मुलांना शिट्टी गळ्यात अडकवायला लावतो, पिशवीत ठेवू देत नाही. पिशवी वाहून गेली तरी शिट्टी राहिली पाहिजे. सगळं अंगावर ठेवण्याचा पोकळ मुठीमागचा विचार इथे अगदी बरोबर लागू पडतो, फक्त त्यासाठी चाकू पोकळ करायची गरज नाही. बर्तन बाजारात घट्ट झाकणाची स्टीलची चपटी डबी मिळते. तिच्यात लायटर, सुई-दोरा, गोळ्या राहतात, वर सायकलच्या ट्यूबचं कडं चढवलं की पाणी शिरत नाही, आणि ती पँटच्या खिशात मावते.

कायद्याचंही पाहून घ्या. शस्त्र नियम २०१६ मध्ये पाचव्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकू-सुऱ्या येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. ९ इंच म्हणजे बावीस सेंटिमीटर आणि आठ-नऊ मिलिमीटर. हा चाकू चोवीसचा. दिसायला लढाईचा, नावाने कमांडो, मापाने मोठा. नाक्यावर तपासणीत “हे शेतीचं हत्यार आहे” असं म्हणायला तुम्हाला जागाच राहत नाही. कॉलेजातल्या पोराने तो कमरेला लावून बसने महूला जाणं हे पालकांनी अजिबात होऊ देऊ नये.

पोकळ मूठ नीट बनवता येते का? येते, आणि जे लोक तसं बनवू शकले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. क्रिस रीव्ह या कारागिराने सांधाच काढून टाकला. ए-टू पोलादाचा एक अखंड बार घ्यायचा, त्यातूनच पातं घडवायचं, त्यातूनच मूठ, आणि मूठ आतून पोखरायची. नट नाही, झाळ नाही, सुटायला काही उरतच नाही. ए-टू म्हणजे हवेत कडक होणारं डाय-स्टील, साच्यांसाठी वापरतात ते पोलाद. एवढा बार मशीनवर घेऊन त्याचा बहुतेक भाग भुगा करून टाकायचा, म्हणजे खर्च किती येईल हे आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखेल. दुसरा मार्ग कोल्ड स्टील कंपनीच्या बुशमन चाकूचा. हाय कार्बन पोलादाचा एकच पत्रा, पुढे पातं, मागे तोच पत्रा गोल वळवून पोकळ मूठ. फावड्याला दांडा बसवायची जागा असते तशी. त्यात काठी खोचली की भाला होतो. तो दिसायला ओबडधोबड आहे पण विचार पक्का आहे. बकमास्टर सहाशे ग्रॅमच्या वर जातो, दिवसभर कमरेला बाळगायला मला तो जड वाटतो. तेव्हा दुकानात कोणी पोकळ मुठीचा चाकू दाखवला तर एकच प्रश्न विचारा, पातं आणि मूठ एकाच पोलादाची आहे का? दुकानदार अडखळला तर पुढे चला.

आम्ही काय वापरतो तेही सांगतो. माझ्या पिशवीत स्वीडनचा मोरा कंपॅनियन हा चाकू असतो. पातं साडेदहा सेंटिमीटरच्या आतलं, अडीच मिलिमीटर जाड. टँग मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तरी पुरेशी रुंद आहे आणि मुठीचं प्लास्टिक तिच्याभोवतीच ओतलेलं आहे, त्यामुळे हलायला वाव नाही. कांदा चिरतो, खुंटी तासतो, मनगटापेक्षा बारीक लाकूड ठोकून फोडतो. म्यानासकट सव्वाशे ग्रॅमही भरत नाही. मोठ्या लाकडाला कोयता. खंडवा रोडला गाडोलिया या भटक्या लोहारांची पालं पडतात, तिथे ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून मी एक घडवून घेतला. कमानीच्या पोलादात अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो आणि ते धक्के खाण्यासाठीच बनवलेलं असतं. घरातल्या बाईने घण मारला, तिच्या सासऱ्याने तापलेल्या पात्याला पाणी दिलं, धारेचा भाग तेवढा बुडवला आणि पाठ मऊ ठेवली. हे ज्ञान पाहून मला फार बरं वाटलं, कारण आम्ही भट्टीचं तापमान लावून जे करतो ते त्यांनी रंग पाहून केलं. किंमत त्या कमांडो चाकूपेक्षा कमीच पडली. घ्यायचं तर त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका.

ज्यांच्याकडे तसला चाकू आधीच आहे त्यांनी तो फेकायची गरज नाही. टोपण काढून आत टॉर्च मारा, तळाशी नट दिसेल. तो काढा, पातं मोकळं करून कोपऱ्यात चीर आहे का ते भिंगातून पाहा. चीर असेल तर तो चाकू कोणालाही देऊ नका, भंगारात घाला. नसेल तर कोपरा गोल कानशीने घासून बारीक गोलाई द्या, दाते ग्राइंडरवर उडवून पाठ सपाट करा, सपाट वायसरऐवजी स्प्रिंगचा वायसर घाला आणि नट लांब बॉक्स पान्याने आवळा. मग नळीचा तळ निदान चार सेंटिमीटर एपॉक्सीने भरा. त्यानंतरही दोऱ्या कापणं, खुंट्या तासणं एवढीच कामं द्या. भरण्याआधी नट आणि नळीची आतली बाजू अ‍ॅसिटोनने स्वच्छ पुसून पूर्ण वाळू द्या, कारखान्याचं तेल राहिलं तर एपॉक्सी धरत नाही. आणि भरल्यावर चाकू टोक खाली करून, उभा, निदान चोवीस तास तसाच ठेवा.